‘ट्रान्सपरन्सी मोड लावा, कान उघडाच राहतो’? नाही राहत!

मोर्शीकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘इअरबडला ट्रान्सपरन्सी मोड असला की कान उघडाच राहतो. जागलीवर, गाडीवर बिनधास्त घाला. एकदा लावला की मोड बदलत नाही. कानालाही त्रास नाही.’ यातलं काहीच खरं नाही, आणि पहिलं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे.

इअरबडची रबरी टोपी कानाचं भोक बुजवते. ट्रान्सपरन्सी मोडमध्ये बाहेरचा माइक आवाज पकडतो, चिप तो आतल्या स्पीकरवर पुन्हा वाजवते. आपण ऐकतो ती नक्कल. बॅटरी संपली की नक्कल बंद, बूच तेवढं कानात. शिवाय आवाज पुढून आला की मागून, हे मेंदूला कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे कळतं, आणि बड घातला की तो अंदाज बिघडतो. मी भाच्याला घेऊन धुऱ्यावर हे करून पाहिलं. डोळे मिटले, दोन्ही बड कानात, मोड चालू. टाळी वाजली, मी समोर बोट दाखवलं. “मामाजी, मी त मांगं हाओ! तुमी समोर काऊन दाखवता?” पाच टाळ्यांपैकी तीनदा हेच झालं. बड काढल्यावर एकदाही चुकलो नाही.

आता हेच रात्रीच्या जागलीवर आणा. आपण बसतो रानडुकरांसाठी, पण पऱ्हाटीत पायाशी घोणसही असते. ती कुकरच्या वाफेसारखी एकसुरी फुत्कारते. या मोडमध्ये माइकची स्वतःची बारीक सूं चालूच असते, आणि कान बुजल्यामुळे आपली पावलं डोक्यात धपधप वाजतात. त्यात गाणं लावलं, तर तो फुत्कार ऐकू येईल याची खात्री कोण देणार? जागलीवर बड नकोच.

गाडीवर वेगळी अडचण. वारा थेट माइकवर आदळतो आणि कानात नुसती फडफड होते. ती कमी करायला काही बड बाहेरचा आवाजच दाबतात. म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही दबू शकतो.

‘मोड बदलत नाही’ म्हणणाऱ्याने हेल्मेट घालून पाहावं. बऱ्याच बडवर बोट दाबून धरलं की नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज दाबणारा मोड), ट्रान्सपरन्सी, दोन्ही बंद अशी पाळी फिरते. २०१९ साली आलेल्या एअरपॉड्स प्रोची दांडी दाबून धरली तरी तेच. हेल्मेटची गादी दांडीवर दाबली, दुपट्टा बांधताना बोट टेकलं, की मोड गेला. कंपनीच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा लाँग प्रेसचं काम बदलता येतं, काहींत टच पूर्ण बंदही होतो. आधी ते करा. ट्रान्सपरन्सी मोडचं नाव मात्र वेगळं असेल : सोनी आणि सॅमसंग याला ‘ॲम्बियंट साउंड’ म्हणतात, बोस ‘अवेअर’. बड घातल्यावर कानाजवळ दोन बोटं चोळा. खसखस ऐकू आली तरच मोड लागलेला आहे.

कानाच्या त्रासाचं थोडक्यात. साधा ट्रान्सपरन्सी मोड थ्रेशरचा आवाज अडवत नाही, आत सोडतो, आणि त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण व्हॉल्यूम चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सांगितला आहे.

दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना, घरी आईची हाक ऐकायला हा मोड फार चांगला. मीही त्यासाठीच वापरतो. वावराकडे निघताना डबी खुंटीवरच्या पिशवीत राहते.