माती उन्हाळ्यात मिळते, वर्गणी ऑक्टोबरात

पूर आला की गावाकडे एक वाद ठरलेला: पैसे मुख्यमंत्री निधीला द्यायचे की संस्थेला? ब्रिटनमधल्या आपल्या मंडळांतही तोच वाद रंगतो. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो पैसा केव्हा पोचतो याचा.

सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यातली शेतं खरडून गेली, खाली नुसता मुरूम उरला. सरकारने अशा जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि नरेगातून 3 लाख जाहीर केले. आता हिशोब मांडा. एकरावर अर्धा फूट माती पसरायची तर 21,780 घनफूट, म्हणजे सुमारे 218 ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते. एका एकराला दोनशेवर खेपा! डिझेल आणि जेसीबीचे तास यांतच पैसा जिरतो. आणि ही माती म्हणजे तलावातला गाळ; तो निघतो पाणी आटल्यावर, एप्रिल-मेमध्ये. आधी बांध घालून घ्यावा लागतो, नाहीतर आणलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते.

गाळाने भरलेल्या विहिरींनाही घाई चालत नाही. जमीन ओली असताना भराभर उपसा केला की कडा ढासळतात. डिझेल इंजिन तर आत उतरवूच नये, धुराने माणसं दगावतात.

इथे ब्रिटनमध्ये डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी, म्हणजे आपत्तीत एकत्र निधी उभारणाऱ्या मदतसंस्थांचा गट, पहिल्या सहा महिन्यांचा खर्च वेगळा धरते आणि पुढच्या उभारणीचा वेगळा. आपण मात्र ऑक्टोबरात किराणा किटवर सगळं संपवतो. किट लागतातच, पण निम्मी रक्कम उन्हाळ्यासाठी राखायला हवी.

कायद्याचं भान मात्र सोडू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट संस्थेला दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ब्रिटिश नागरिकाचे, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी, ठरतात. इथल्या मंडळाच्या खात्यातून गेलेले तर सगळेच. ते एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच जायला हवेत, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून ती संस्था ते दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. चूक आपली, पण अडकते गावातली संस्था. मुख्यमंत्री निधीला 2025 मध्ये परदेशी देणगी घेण्याची परवानगी मिळाली, ती वाट आहेच. फक्त कुठल्या शिवारात किती ट्रॉल्या पडल्या हे तिथून कळणार नाही.

ब्रिटनमध्ये नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत दिलं तर गिफ्ट एडमुळे (देणगीवरचा कर सरकार संस्थेला परत देतं ती सवलत) 100 पौंडांचे 125 होतात. त्यासाठी देणारा इथे कर भरणारा हवा आणि त्याने तसं लिहून द्यायला हवं. उन्हाळ्यासाठी राखलेली रक्कम मार्चअखेर पाठवा, आणि तीही संस्थेकडून गट क्रमांक, बांधाचे फोटो आणि गाळ कुठल्या तलावातून येणार हे कळल्यावरच.