व्हिडिओला टाळ्या वाजवून वार थांबत नाहीत

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तेच. पोलिसांनी पकडल्यावर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणत हात जोडणाऱ्या पोरांचा जुना व्हिडिओ, खाली टाळ्या आणि एका काकांची कमेंट, ‘ठेचा एकेकाला, अल्पवयीन म्हणून सुटतात.’ डोकं फिरलंय माझं.

सरसकट सुटत नाहीत हो. गुन्हा अतिगंभीर असेल आणि पोरगं सोळा पूर्ण झालेलं असेल, तर २०१५ च्या कायद्यानं बाल न्याय मंडळ चौकशी करून त्याला मोठ्यांसारख्या खटल्याला पाठवू शकतं. बरं, पाठवलं. ज्याच्या पोटात चाकू गेला त्याच्या आईला काय मिळालं?

आमच्या सिडकोतला एक पोरगा माझ्याकडे दहावीच्या शिकवणीला यायचा. त्याच्या मोठ्या भावाला भोसकलं, त्या रात्री मी कॅज्युअल्टीबाहेर होते. भाऊ आत, आणि हा दाराजवळच्या प्लगला मोबाईल लावून फोनवर फोन करतोय. बाहेर मित्र ट्रिपल सीट, गाड्या चालूच. पुढे काय होणार ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

त्याला अडवलं वॉर्डबॉय मामांनी. ‘केसपेपर काढून आण. रक्ताची चिठ्ठी घे, तूच जा, तू सख्खा भाऊ.’ आला की दुसरं काम. मध्ये चहा आणि पार्लेचा पुडा. उपदेशाचा एक शब्द नाही! पहाटेपर्यंत मित्र कंटाळून पांगले.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत हे ठरवून करतात. खुनांसाठी बदनाम झालेलं शहर ते. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. २०१५ पासून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माणसं बसवली, जखमी होऊन आलेल्या पोरांशी तिथंच बोलायला. त्यातले काही स्वतः त्याच आयुष्यातून बाहेर पडलेले. बदला ठरतो तो त्याच काही तासांत, दवाखान्याच्या दारात, आणि आपल्याकडे त्या वेळी तिथं जबाब घेणाऱ्या पोलिसाशिवाय कोणी नसतं.

तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्याला उचललंच पाहिजे, मान्य. पण शिकवणीला येणारं पोरगं एका रात्रीत त्या टोळक्यात जातं, त्याचं काय? त्याला कोणाचा धाक वाटतो त्या रात्री? भाऊ रक्तात पडलाय त्याचा!

आमचा तो आयटीआय करून अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागला. परवा गणपती चौकात भेटला, म्हणाला, मॅडम, नाईट शिफ्टनं झोपेची वाट लागलीय. इतकं बरं वाटलं मला ते ऐकून.

मामांना त्या कामाचा पगार नव्हता. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला अशी दोन माणसं पगारी नेमा, एवढंच मागतेय. सिंहस्थासाठी कोट्यवधींची कामं निघतायत, त्यात हे जड नाही. अर्ज लिहून तयार आहे. रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे, सह्या करायला या.