अरोवानाच्या कल्ल्याची कड वळणे हा संसर्ग नव्हे

अरोवाना माशाच्या कल्ल्यावरील झाकणाची कड बाहेर वळू लागली की तो संसर्गजन्य रोग समजावा आणि टाकीत खडे मीठ व अँटिबायोटिक टाकावे, असा संदेश मासे पाळणाऱ्यांमध्ये फिरत आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने माशाचे नुकसानच होते.

हे झाकण हाडाचे असते व त्याच्या कडेला मऊ पडदा असतो. अपुरी टाकी, पाण्यात साचलेले नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून शेवटी तयार होणारा क्षार) आणि कमी पडणारा ऑक्सिजन यांमुळे श्वासावर सतत ताण आला की हा पडदा बहुधा बाहेर वळत जातो. सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा रुपेरी अरोवाना चार फुटी टाकीत ठेवणे मुळातच अन्यायाचे आहे. त्यात २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.५, उन्हाळ्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते.

अँटिबायोटिकमुळे फिल्टरमधील, माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू मरू शकतात, मग अमोनिया वाढतो आणि त्याची पहिली इजा कल्ल्यांनाच होते. नायट्राइटची (अमोनियापासून बनणाऱ्या विषारी क्षाराची) विषबाधा झाली असता मिठाचा उपयोग जरूर होतो, परंतु वळलेली कड त्याने सरळ होत नाही.

सुरुवातीच्या अवस्थेत क्लोरीन काढलेल्या पाण्याने नियमितपणे थोडे थोडे पाणी बदलणे, हवेचा पुरवठा वाढवणे व मोठी टाकी देणे, एवढ्यानेही अनेकदा सुधारणा होते. पडदा कापण्याची वेळ आलीच, तर ते काम माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकानेच भूल देऊन करावे. घरी कात्री लावू नये.