परवानगी घेतली म्हणजे झालं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मी काढलेल्या कष्टकरी माणसांच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लगेच काही लिहिलं नाही, आधी वाईट वाटलं आणि मग लक्षात आलं की त्यातलं बरंचसं खरं आहे. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं, असले फोटो मोबाइलवर कुणीही काढेल, आणि कष्टकरी माणसांचे चेहरे वापरून मी स्वतःचं नाव करतेय, त्यांना काय मिळतं?

पहिल्यावर वाद नाही. फक्त मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते, चेहरा मोठा यावा म्हणून जवळ गेलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात, म्हणून मी कॅमेऱ्याला ८५ एमएमची, लांबूनही चेहरा मोठा आणणारी लेन्स लावून जरा लांब उभी राहते. कॅमेऱ्याचा वाटा एवढाच.

दुसरं मात्र झोंबलं. डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफरनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा मुलांसोबत फोटो काढला, तो जगभर छापला गेला, पण तिचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, आणि या फोटोचा मला एक पैसा मिळाला नाही असं ती तेव्हा म्हणाली. हे वाचल्यापासून कॅमेरा उचलताना माझा हात थोडा अडखळतोच.

आता ज्या शिलाईवाल्या मावशींच्या फोटोला तुम्ही "बिचारेपणा विकलाय" म्हणालात त्याबद्दल. फोटो काढू का विचारल्यावर त्या म्हणाल्या थांब, एवढी टीप संपू दे. मग गळ्यातली टेप सारखी केली, स्टूल स्वतःच दाराकडे उजेडात ओढलं. पहिले चार-पाच फोटो स्क्रीनवर दाखवले तर एकावर बोट ठेवून म्हणाल्या, ह्यात मी दमलेली दिसते, हा नको. मला नेमका तोच आवडला होता, खूप आवडला होता. त्यांच्यासमोरच डिलीट केला. तुम्ही बघितलात तो त्यांनी निवडलेला आहे, त्याची प्रिंट त्यांच्या मशीनच्या वर लावलीये. त्यामुळे बिचारेपणा हा शब्द मला मान्य नाही, त्यांनाही नसता.

पण फोटोखाली मी नुसतं "शिलाई कामगार" लिहिलं आणि माझं नाव मात्र पूर्ण, आडनावासकट. ही चूक आहे, आणि तुम्ही बोललात म्हणून दिसली. नाव टाकू का हे मी त्यांना विचारलंच नाही. उद्या जाऊन विचारते, आणि पुढे प्रिंट विकली गेली तर त्यांचा वाटा किती हेही बोलून घेते. त्या हो म्हणाल्या तर नाव टाकेन, नको म्हणाल्या तर फोटोखालचं माझंही नाव काढेन.