'स्किड रो'चा पहिला अल्बम वशिल्यावर चालला नाही

रॉक ऐकणाऱ्यांच्या गप्पांत 'स्किड रो' या अमेरिकी बँडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: '१९८९चा त्यांचा पहिला अल्बम म्हणजे जॉन बॉन जोवीचा वशिला, सेबॅस्टियन बाखचा चेहरा आणि दोन रडकी गाणी.' (जॉन म्हणजे 'बॉन जोवी' या गाजलेल्या बँडचा गायक आणि बाख म्हणजे तेव्हाचा 'स्किड रो'चा गायक.) मला हे वाक्य मनापासून खटकतं. त्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते सहज पटतं, आणि कुणी अल्बम पुन्हा लावून बघत नाही.

आधी वशिला. मदत झाली होती, ती नाकारायचं कारण नाही. 'स्किड रो'चा गिटारवादक डेव्ह 'स्नेक' साबो आणि जॉन हे न्यू जर्सीतले लहानपणापासूनचे दोस्त. ज्याचं आधी नाव होईल त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं आणि जॉनने शब्द पाळला. त्याचाच मॅनेजर डॉक मॅकगी या पोरांना मिळाला, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, बॉन जोवीच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधीही मिळाली. पण आता गाण्यांचे आकडे बघा. अल्बम आला जानेवारी १९८९मध्ये. पहिलं सिंगल 'यूथ गॉन वाइल्ड' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या हॉट १००मध्ये, ९९व्या क्रमांकापुढे सरकलं नाही. मित्र तोच, मॅनेजर तोच, कंपनी तीच. मग '१८ अँड लाइफ' आलं, ते थेट चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याच्यासोबत अल्बमही अल्बमच्या यादीत वर चढत सहाव्या क्रमांकावर पोहोचला. वशिल्याने यादी हलत असती तर ती पहिल्याच गाण्याला हलली असती. पुढे अमेरिकेत या अल्बमच्या ५० लाख प्रतींची नोंद झाली.

आणि ही मदत फुकट नव्हती. गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा वाटा जॉन आणि 'बॉन जोवी'चा गिटारवादक रिची सांबोरा यांच्याकडे गेला. त्यावरून पुढे बरीच कटुता आली. सांबोराने नंतर आपला वाटा परत केला, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. स्वतःच्या गाण्यांची कमाई ज्यांनी अशी मोजून दिली, त्यांना 'आयतं मिळालं' म्हणणं अन्यायाचं आहे.

गाणी लिहिली कुणी, हे तर अल्बमवर छापलेलंच आहे. जवळजवळ सगळी बास वाजवणारा रेचल बोलन आणि साबो यांची. जॉनचं नाव एकाही गाण्याला नाही. १९९१मध्ये 'स्लेव्ह टू द ग्राइंड' हा दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा कितीतरी जड, खरखरीत होता. तो बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत आला तोच पहिल्या क्रमांकावर. पहिल्या अल्बमने जोडलेला श्रोता बँडचा होता, याहून वेगळा पुरावा मला नको.

'दोन रडकी गाणी' हे तर ऐकल्याशिवाय केलेलं विधान आहे. अकरा गाण्यांत प्रेमविरहाचं संथ गाणं एकच, 'आय रिमेंबर यू'. ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अजून गिटार शिकणारी पोरं ते वाजवतात. '१८ अँड लाइफ'मध्ये प्रेयसी नाहीच. तिथे रिकी आहे, राब राब राबणारा, दारूच्या नादी लागलेला अठरा वर्षांचा पोरगा. त्याच्या हातात बंदूक येते, गोळी सुटते, दुसरं एक पोर मरतं आणि याला जन्मठेप होते. सुरुवातीला गिटारचे सुटे सूर, त्यावर बाखचा दबलेला आवाज, आणि शेवटाकडे तोच आवाज फाटेपर्यंत वर चढतो. त्या किंकाळीत दया मागणं नाही, आयुष्य हातचं गेल्याची जाणीव आहे. याला रडकं म्हणणाऱ्यांनी एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ते ऐकावं, एवढीच विनंती.

बाकीच्या गाण्यांत गिटार सुरीसारखी धारदार आहे. निर्माता मायकल वागनर होता. मेटालिका या हेवी मेटल बँडच्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमचं मिक्सिंग त्याचंच, त्यामुळे हा आवाज कुठून आला याचं कोडं उरत नाही.

राहिला चेहरा. बाख देखणा होता, पोस्टर त्याचीच लागायची, हे मान्य. रेकॉर्डिंगच्या वेळी तो जेमतेम वीस वर्षांचा होता आणि एवढ्या वरच्या पट्टीत ठामपणे गाणारे त्या काळातही थोडेच होते. शिवाय हा चेहरा बँडमध्ये आला उशिरा. त्याच्याआधी तिथे मॅट फॅलन गात होता. अल्बमचं शेवटचं गाणं 'मिडनाइट/टॉर्नेडो' लावा आणि श्रेय वाचा: साबोच्या नावाशेजारी फॅलनचं नाव आहे. ते गाणं लिहिलं गेलं तेव्हा पोस्टरवरचा तो पोरगा बँडमध्ये आलाच नव्हता.