‘काही असो, तोंडावर बोलतो!’

हे वाक्य मी कोथरूडच्या मामाकडून इतक्यांदा ऐकलंय की आता तो ‘काही असो’ म्हणाला की पुढचं मी मनातल्या मनात पूर्ण करतो. ट्रम्पबद्दल म्हणतो, गडकरींबद्दल म्हणतो, बाळासाहेबांबद्दल तर मला कळायला लागल्यापासून म्हणतोय. सोसायटीच्या चेअरमनबद्दलपण म्हणायचा, त्या चेअरमनने मामाच्याच गाडीच्या काचेवर ‘इथे गाडी लावू नये, दोनदा सांगितले आहे’ असा कागद डिंकाने चिकटवला त्या दिवसापर्यंत.

आधीच सांगून टाकतो, मी मामाला हसत नाहीये. मलापण आवडतात असली माणसं. बाकीचे कसं बोलतात बघा ना, ‘समिती नेमली आहे’, ‘सकारात्मक आहोत’, ‘माहिती घेऊन सांगतो’. एका साध्या दाखल्यासाठी तीन चकरा मारून, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून माणूस घरी येतो, टीव्ही लावतो, आणि तिथे कोणीतरी माईकवर म्हणत असतो की रस्त्याला खड्डा पडला तर ठेकेदाराला सोडणार नाही. कसं गार वाटतं. खड्डा तिथेच असतो, पण आपल्या मनातलं कोणीतरी मोठ्याने बोललं याचंच इतकं समाधान असतं की पुढचं विचारायचं राहूनच जातं.

आणि आपण तर पुणेकर. तोंडावर बोलण्याचं आपल्याला कौतुक नाही तर कोणाला असणार? पण आपल्या पाट्यांचं एक असतं. दुकानदार ‘१ ते ४ बंद, बेल वाजवू नये’ लिहितो आणि खरंच १ ते ४ बंद ठेवतो, गिऱ्हाईक गेलं तर त्याचं जातं, तो जेवून झोपतो, विषय संपला. फटकळपणाची किंमत तो स्वतःच्या गल्ल्यातून भरतो. पुढाऱ्याचं तसं नसतं ना. तो फटकळ बोलतो ते माईकवर, आणि त्याचं बिल येतं तुमच्या-माझ्या पत्त्यावर, तेपण दोन-पाच वर्षांनी, तोपर्यंत भाषण कोणी केलं होतं तेही विसरलेलं असतं.

१९९५ ची विधानसभा आठवतेय का कोणाला? मी नुकताच कॉलेजात गेलो होतो, मत द्यायचं वय नव्हतं पण सभांना जायचो. दाभोळला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प येत होता. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवणार! काय वाक्य होतं राव. त्यात करार नाही, युनिटचा दर नाही, डॉलरचा भाव नाही, एकदम डोळ्यासमोर चित्र उभं, दाभोळ, समुद्र आणि डुबुक. आता मूळ करार चांगला होता असं मी म्हणत नाही, वीज महाग, हिशोब डॉलरशी बांधलेला, आणि वीज उचलली नाही तरी ठरलेला आकार राज्याच्या वीज मंडळाने द्यायचाच, असला तो प्रकार होता, चिडायला कारण भरपूर होतं. युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्दपण केला, म्हणजे बोलले ते केलं, टाळ्या. मग वाटाघाटी झाल्या आणि १९९६ मध्ये तोच प्रकल्प परत आला, आणि आला तो दुसऱ्या टप्प्यासकट, दोन्ही मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर! बुडवायला नेलेला प्रकल्प फुगून वर आला म्हणायचं. १९९९ ला पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ मध्ये वीज मंडळाला ती परवडेना म्हणून थांबली, त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत खुद्द एन्रॉनने दिवाळं काढलं, आणि शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या आपल्याच सरकारी कंपन्यांना पुढे करून तो सांगाडा उभा करायची वेळ आली. त्या सगळ्या सभांमध्ये एकाही माणसाने उठून ‘साहेब, रद्द केला तर नुकसानभरपाई किती, आणि परत केला तर दर किती’ असं विचारलेलं मला आठवत नाही. मीही नाही विचारलं. शिट्टी मारली होती.

टोलचंही तेच. टोल बंद करणार म्हटलं की आपण खूश, मीसुद्धा, दर महिन्याला मुंबईला जातो त्यामुळे जास्तच. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर छोट्या गाड्या आणि एसटीला माफी दिली. पण ठेकेदाराशी करार झालेला असतो, तो काय धर्मादाय बसलाय का? त्याला भरपाई सरकारी तिजोरीतून. म्हणजे आधी गाडीवाला द्यायचा, आता ज्याच्याकडे सायकलपण नाही तोही साबण-बिस्किटावरच्या टॅक्समधून देतोय. हे भाषणात कसं बसवणार? टाळीच पडणार नाही.

नोटबंदीवर जास्त लिहीत नाही, लोक अजून भांडतात. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठ, एक घाव दोन तुकडे. चलनातली ८६ टक्के किंमत एका भाषणात बाद. मामा रांगेत अगदी हौसेने उभा होता, घरून स्टूल घेऊन गेला होता. पुढे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की ९९.३ टक्के नोटा परत आल्या. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची भिशी मात्र त्या महिन्यात जी मोडली ती मोडलीच, कारण बायकांनी नवऱ्याला न सांगता साठवलेले पैसे घरात उघडे पडले. मावशींनी तेव्हा काही तोंडावर बोलून दाखवलं नाही, त्यांना कोणी माईक दिला नव्हता.

आता २०२५ चं सांगतो, म्हणजे ही पोस्ट कशावरून सुचली ते कळेल.

२७ ऑगस्टला आपल्याकडे गणपती बसले आणि त्याच दिवशी ट्रम्पचं आपल्या मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयातकर, २५ चं ५० टक्के झालं. माझा एक मित्र भोसरीला जॉबवर्क करतो, चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी मशीन आहेत, चाकणच्या एका पार्टीला पार्ट देतो आणि ती पार्टी पुढे अमेरिकेला पाठवते. आरतीला आला होता, म्हणाला, ‘ऑर्डर कॅन्सल नाही केली रे, नुसतं थांबा म्हणालेत. थांबा म्हणजे काय ते सांगत नाहीत. बँकेचा हप्ता थोडाच थांबतो?’ रात्रपाळी बंद केली त्याने, सहा पोरं कमी झाली. मामा तिथेच बसला होता मोदक खात. त्याला म्हणाला, ‘पण गडी जे म्हणतो ते करतो बघ.’ मित्र काहीच बोलला नाही, हात धुवायला गेला.

मामाचा मुलगा बंड्या न्यू जर्सीला असतो, एच वन बीवर, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसावर. गणपतीला आला होता, आजीचं पहिलंच वर्ष म्हणून पितृपक्षापर्यंत थांबला. सर्वपित्री रविवारी, २१ सप्टेंबरला. शनिवारी सकाळी सहाला त्याला कंपनीचा मेल, जिथे असाल तिथून २४ तासांत अमेरिकेत परत या. ट्रम्पने रात्रीतून सही केली होती, एच वन बीला एक लाख डॉलर फी, म्हणजे आपले ८८ लाख. आणि ते लागू होणार आपल्या घड्याळाप्रमाणे रविवारी सकाळी साडेनऊला! मी पोचलो तेव्हा मामा पाठकोऱ्या पाकिटावर पेन्सिलीने तास मांडत होता, मुंबईपर्यंत चार, आधी तीन, विमानाचे सोळा, मग परत खोडून एअरपोर्टचे दोन धरले, तरी बेरीज जमेना. बंड्या लॅपटॉपवर तिकीट रिफ्रेश करतोय, प्रत्येक वेळी आकडा वाढतोय. शेवटी एका बाजूचं तिकीट दीड लाखाला काढलं आणि काढल्यावर लक्षात आलं की ते अंतिम वेळेच्या पाऊण तास नंतर उतरतंय. स्वयंपाकघरात मामी वड्यांची डाळ भिजवायची की नाही ते विचारत होती, तिला कोणी उत्तर देईना.

ट्रम्पचा मंत्री आधी म्हणाला होता फी दरवर्षी. रात्री उशिरा व्हाईट हाऊसकडून खुलासा आला की एकदाच, आणि तीपण नव्या अर्जांनाच, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. हे आधी नीट लिहून मग सही केली असती तर किती घरांतल्या शनिवारची अशी वाट लागली नसती! पण नीट लिहायला वेळ लागतो, आणि वेळ घेणारा माणूस आपल्याला लेचापेचा वाटतो. इथे आपली गफलत होते असं मला वाटतं. आवाज ठाम असला की हिशोबही पक्का असणार असं आपण धरूनच चालतो.

आणि एक गोष्ट मला अजून सतावते. हे जे तोंडावर बोलणारे आहेत ते नेहमी दुसऱ्या कोणाच्यातरी तोंडावर बोलतात. ठेकेदार, परप्रांतीय, अधिकारी, शेजारचा देश. आपल्याच मतदारांना, आपल्याच सभेत, न आवडणारं सांगणारा किती वेळा पाहिलात? आमच्या सोसायटीत पाण्याचे मीटर बसवायला माणसं आली तर एवढं भांडण झालं की वॉचमन मध्ये पडला. खडकवासल्याची चार धरणं मिळून पाणी २९ टीएमसीच्या, म्हणजे २९ अब्ज घनफुटांच्या आसपास, त्यात हे वाढलेलं शहर आणि खाली दौंड-इंदापूरपर्यंतची शेती. पुण्यात सभा घेऊन ‘तुम्ही गाड्या पिण्याच्या पाण्याने धुता, जेवढं वापराल तेवढं बिल भरा’ असं म्हणणारा कोणी असेल तर मी त्याला रोखठोक म्हणेन. त्याला मत देईन का? खरं सांगू, माहीत नाही. आमची गाडीपण रोज धुतली जाते.

तर बंड्या राहिला. तिकीट कॅन्सल केलं, श्राद्ध नीट झालं, खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं. पुढच्या आठवड्यात तो गेला आरामात.

दिवाळीत मामाकडे फराळाला गेलो तर तो मोबाईलवर कोणाचंतरी भाषण लावून बसलेला, कोणाचं ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. मला जवळ बसवलं, आवाज वाढवला, म्हणाला, ‘ऐक, ऐक. काही असो...’

तेवढ्यात आतून मामी म्हणाली, ‘अहो, बंड्याला विचारलंत का, त्या तिकिटाचे पैसे किती कापले?’

मामाने आवाज कमी केला आणि मला चकली घे म्हणाला.