तोंड कशाला उघडायचं, कंपाइलर आहे ना!

सॉफ्टवेअरमध्ये मोठं व्हायचंय ना? मग बोलणं, ऐकणं, समजावून सांगणं असल्या भानगडीत पडू नका. ती कामं एचआरवाल्यांची. तुमचं आणि कंपाइलरचं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं, जमतं, तेवढं पुरे.

सुरुवात सकाळच्या स्टँड-अपपासून, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगपासून करा. तीन दिवस एकाच एररवर अडकला असाल, तरी "काल तेच, आज तेच, ब्लॉकर काही नाही" म्हणून म्यूट व्हा. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने तोच एरर गेल्या महिन्यात सोडवलेला असतो. पण विचारलं की आपल्याला येत नाही, हे चारचौघांत कळतं. ते स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याच्या, शेवटच्या संध्याकाळी कळू द्या. सगळे एकदम धावपळ करतात, पिझ्झा येतो, टीम स्पिरिट वाढतं.

क्लायंट विचारेल, "शुक्रवारपर्यंत होईल?" सरळ 'नाही' म्हणण्याचा उद्धटपणा करू नका. "वुई विल ट्राय" म्हणा. त्याला 'हो' ऐकू येतं, तुम्ही 'नाही' म्हटलेलं असतं, दोघंही खूश. शुक्रवारपर्यंत. आणि त्याला रिपोर्ट नेमका कशासाठी हवाय, हे तर खोदून विचारूच नका. एक्सेलची एक शीट हवी असताना त्याला बारा रंगांचा डॅशबोर्ड मिळाला, तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या टीमपासून मात्र चार हात लांबच राहा. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवेने १९६८मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच रचना त्यांच्या सिस्टीममध्ये उतरते. म्हणजे दोन टीमनी अबोला धरला की मॉड्यूलंही, म्हणजे सिस्टीमचे सुटे भागही, आपोआप वेगळी राहतात. आर्किटेक्टचा पगार वाचला!

याचा उत्तम नमुना म्हणजे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचं सॉफ्टवेअर थ्रस्टरचे, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांचे, आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेकडचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. आकडे जुळत नाहीत, अशी कुणकुण नॅव्हिगेशनवाल्यांना प्रवासातच लागली होती, पण तिची तड कुणी लावली नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळामागे गेलं आणि पुन्हा बोललंच नाही. शेवटी त्यालाही आपल्या टीमचं वळण लागलं. चौकशी समितीने उगाच संवादाच्या नावाने बोटं मोडली. दोन्हीकडचा कोड चालत होता की हो!

कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायला, आदर्श हवा असेल तर प्रोग्रॅमर लिनस टोरवाल्ड्सचा घ्या. जाहीर मेलमधून त्याने भल्याभल्यांची सालटी काढली आहेत. फक्त सप्टेंबर २०१८च्या आधीचा लिनस घ्या. त्या महिन्यात त्याने चक्क माफी मागितली आणि लोकांच्या भावना कशा समजून घ्याव्यात, हे शिकायला कामातून सुट्टी घेतली. हो, त्याने लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलीय आणि तुम्ही लॉगिन पेज, पण फ्रेशरच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे त्याने तपासायला पाठवलेल्या कोडवर, "हे काय लिहिलंय?" एवढंच लिहिताना असल्या तपशिलात कशाला शिरायचं?

अप्रेझलमध्ये, तुमच्याहून कच्चा कोड लिहिणारी ती शेजारची मुलगी लीड झाल्याचं कळेल. कारण विचारू नका, मनात धरा. मॅनेजर तुम्हाला सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग सुचवेल. नाव नोंदवा. शनिवारी सकाळी ऑनलाइन असतं, कॅमेरा बंद ठेवला तरी हजेरी लागते.